बारा मिनिटांची पहाट

१९६७ साली मुंबईत एचएमव्हीनं एक लाँगप्ले रेकॉर्ड काढली. वाजवणारे तिघंही तिशीच्या उंबरठ्यावरचे. त्यांची वाद्यं पाहिली तर कुठल्याही जुन्या जाणकारानं भुवया उंचावल्या असत्या. एकाकडे काश्मीरचं संतूर, ज्यावर रागसंगीत वाजूच शकत नाही असं बारा वर्षांपूर्वी लोकांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्याकडे बासरी, जिला पन्नालाल घोषांनी मैफलीत आणून फार दिवस झाले नव्हते. आणि तिसऱ्याकडे चक्क गिटार, मांडीवर आडवी ठेवून तारांवर कांडी घसरवत वाजवायची, हवाई बेटांच्या धाटणीची. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा. तबल्यावर माणिकराव पोपटकर. सतार नाही, सरोद नाही, सारंगी नाही, गाणंही नाही.

रेकॉर्डचं नाव 'कॉल ऑफ द व्हॅली', म्हणजे खोऱ्याची साद. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, पाच तुकड्यांत, फक्त वाद्यांनी सांगितलेला. ती जगभर गेली. जॉर्ज हॅरिसन, पॉल मॅकार्टनी, बॉब डिलन यांची नावं तिच्या चाहत्यांत घेतली जातात. मराठी वाचकाला एक गोष्ट मात्र सहसा ठाऊक नसते. या रेकॉर्डचा निर्माता म्हणून ज्यांचं नाव आहे ते जी. एन. जोशी, म्हणजे आपलेच. १९३०च्या दशकात मराठी भावगीत घराघरात नेणाऱ्या गायकांपैकी एक, गंगूबाई हनगलांबरोबर द्वंद्वगीतं गायलेले, आणि पुढे एचएमव्हीत बसून थोरामोठ्यांचं गाणं ध्वनिमुद्रित करून घेणारे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अख्खा राग कोंबायची ज्यांना सवय, त्यांच्या पिढीच्या हातात आता एका बाजूला वीसेक मिनिटं देणारी तबकडी आली होती. जोशींनी त्या जागेत एक दिवस मांडला.

सकाळी हलक्या आवाजात लावून ठेवावं, काम करता करता ऐकावं, आणि मध्येच हात थांबावा, अशा संगीताला आज जग ॲम्बियंट म्हणतं. त्या प्रकाराला हे नाव मिळालं १९७८ साली, म्हणजे या रेकॉर्डनंतर अकरा वर्षांनी. नाव देणारा इंग्रज संगीतकार ब्रायन इनो. त्याची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्या शेजारी ठेवल्याशिवाय मुंबईत काय घडलं होतं ते नीट दिसत नाही.

जानेवारी १९७५मध्ये इनोला लंडनमध्ये टॅक्सीची धडक बसली. तो घरी अंथरुणाला खिळून होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीनं हार्पच्या संगीताची एक रेकॉर्ड आणली होती. ती गेल्यावर त्यानं कशीबशी उठून रेकॉर्ड लावली आणि परत आडवा झाला, तेव्हा लक्षात आलं की आवाज फारच बारीक ठेवलाय आणि एक स्पीकर बंद आहे. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजातून हार्पचे फक्त मोठे स्वर अधूनमधून वर येत होते, बाकीचे पावसातच मुरत होते. त्याला वाटलं, संगीत असंही असू शकतं. खोलीतल्या उजेडासारखं, पावसासारखं. लक्ष दिलं तर देण्याजोगं, नाही दिलं तरी तक्रार न करणारं.

यातून तीन वर्षांनी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' आलं. त्यातल्या एका तुकड्यात बायकांच्या आवाजातले एकेकटे लांब स्वर आहेत. प्रत्येक स्वर टेपच्या वेगळ्या फितीवर, आणि प्रत्येक फीत टोकाला टोक जोडून गोल फिरणारी. इनोनं स्वतः सांगितलेली मापं अशी : एक स्वर दर साडेतेवीस सेकंदांनी येतो, दुसरा २५ पूर्णांक ७/८ सेकंदांनी, तिसरा २९ पूर्णांक १५/१६ सेकंदांनी. नुसत्या या तिघांचा लसावि काढून पाहा. तिन्ही फिती एकाच क्षणी सुरू केल्या, तर पुन्हा नेमक्या तशाच एकत्र यायला जवळपास २७ दिवस लागतील! तीन साधे स्वर, आणि महिनाभर पुनरावृत्ती नाही. संगीतकारानं फिती लावून दिल्या की पुढचं संगीत आपलं आपण होत राहतं.

इनोला बदल घडवायला टेपच्या फिती लागल्या. जोशींच्या तीन कलाकारांपाशी त्याच कामासाठी एक घड्याळ आधीपासून होतं.

घड्याळ म्हणजे रागांचा समय. ही चाल जुनी, पण तिचा हिशेब मराठीत नीट मांडला तो वाळकेश्वरला जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी. पेशानं वकील, आणि रागांकडेही त्यांनी वकिली बारकाईनंच पाहिलं. त्यांचं निरीक्षण असं. दिवस आणि रात्र जिथं भेटतात, त्या संधिप्रकाशाच्या रागांत रिषभ कोमल असतो आणि गंधार शुद्ध. ऊन वर आलं की रिषभ शुद्ध असलेल्या रागांची पाळी येते. मग पुढे गंधार-निषाद कोमल असलेले राग. सकाळ की संध्याकाळ हे ओळखायचं ते मध्यमावरून : सकाळकडे शुद्ध मध्यमाचा जोर, संध्याकाळकडे तीव्र मध्यमाचा. अपवाद पुष्कळ आहेत आणि वादही भरपूर झाले आहेत. तरी चारच स्वरांच्या जागा पाहून उन्हाची तिरीप किती वर आलीय हे सांगता येईल, ही कल्पनाच केवढी धाडसी आहे.

आता 'कॉल ऑफ द व्हॅली'चा पहिला तुकडा घ्या. बारा मिनिटांहून थोडा जास्त. त्यात दोन राग आहेत, आधी अहीर भैरव, मग नट भैरव. नुसतं ऐकताना मेंढपाळ उठला, उजाडलं, एवढंच जाणवतं. पण पेटी पुढ्यात घेऊन दोन्ही रागांचे स्वर एकाखाली एक वाजवा.

अहीर भैरव : सा, कोमल रे, ग, म, प, ध, कोमल नी. यातला खालचा अर्धा भाग, सा ते म, हा अस्सल भैरवाचा. वरचा अर्धा भैरवाचा नाही.

नट भैरव : सा, रे, ग, म, प, कोमल ध, नी. इथं खालच्या अर्ध्यात नट आलाय. आणि भैरव? तो वरच्या अर्ध्यात जाऊन बसलाय, प ते वरचा सा.

म्हणजे पहिल्या रागात भैरव सप्तकाच्या खालच्या अंगाला असतो, दुसऱ्यात तो वरच्या अंगाला चढलेला असतो. तीन स्वर जागा बदलतात. रे आणि नी वर सरकतात, ध खाली उतरतो. सा, ग, म, प जिथल्या तिथं राहतात. शिवाय भातखंड्यांच्या हिशेबात कोमल रिषभ शुद्ध होणं म्हणजे संधिप्रकाश संपून दिवस सुरू होणं. मेंढपाळाच्या पहाटेचं वर्णन करणारा एकही शब्द रेकॉर्डवर नाही, आणि उजाडणं मात्र तीन स्वरांच्या हालचालीत तंतोतंत घडतं. हे कळल्यावर तो तुकडा ऐकताना अंगावर काटा येतो. आणि न कळताही आला असेल, तर त्या तिघांचं यश मोठं.

पण स्वर योग्य निवडले की सकाळ आपोआप होते, असं मात्र नाही. याचा पुरावा त्याच शहरात, त्याच कंपनीनं, १५ वर्षांनी दिला.

१९८२ साली हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी तीन जपानी यंत्रं घेतली, तिन्ही रोलँड कंपनीची : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. रेकॉर्डचं नावच 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे अमेरिकेत याच यंत्रांवर ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्मला, आणि २०१०मध्ये ही रेकॉर्ड नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा लोक चक्रावले, की मुंबईतल्या या माणसाला हे आधीच कसं सुचलं! सिंग २०१५ साली गेले, पण शेवटच्या वर्षांत त्यांनी युरोपात तरुणांपुढे ते राग वाजवून घेतले.

त्या दहांत ललत आहे, तोडी आहे, बैरागी आहे. तिन्ही सकाळचे. ललत तर थेट पहाटेचा. स्वर चोख. पण ऐकताना पहाट होत नाही, रात्र चढत जाते. ठेका सेकंदाला दोनदा पायात घुसतो आणि स्वरांमध्ये मोकळी जागा उरत नाही. म्हणून 'कॉल ऑफ द व्हॅली'तली सकाळ नुसत्या रागांत नाही. ती वाद्यांच्या आवाजातही आहे, आणि खरं सांगायचं तर आवाज विरण्याच्या रीतीत आहे.

संतुराची तार अक्रोडाच्या लाकडाच्या कलमानं छेडली की स्वराचं मोठ्यात मोठं रूप पहिल्याच क्षणी येतं. त्यानंतर तो फक्त विरत जातो. एका स्वराला एकाहून जास्त तारा असतात, आणि कितीही नीट लावल्या तरी त्या एकमेकींपासून केसभर हलतातच. त्यामुळं विरणारा स्वर सरळ न विरता लुकलुकत विरतो. या वाद्याला मींड नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. १९५५मध्ये मुंबईतल्या पहिल्या कार्यक्रमानंतर टीकाकारांचा मुख्य मुद्दा हाच होता. शिवकुमारांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. तारांची मांडणी बदलली, वाद्य लाकडी बैठकीवरून मांडीवर घेतलं, आणि कलम तारांवर न आपटता हलकेच थरथरत फिरवायला सुरुवात केली. मग तुटक ठिपक्यांतून कानाला सलग रेघेचा भास होऊ लागला.

बासरीचं नेमकं उलट. तिथं स्वराला श्वास पुरेल तोवर आयुष्य आहे. तो मध्येच फुगू शकतो, बारीक होऊ शकतो. आणि गिटार या दोघांच्या मधोमध. तार छेडली जाते संतुरासारखी, पण नंतर कांडी घसरवून ती गाऊ लागते बासरीसारखी. भैरवाच्या कुळात रिषभाला आंदोलन द्यावं लागतं, म्हणजे तो एका जागी उभा न राहता हळू झुलला पाहिजे. गिटार तो झुलवू शकते, बासरी झुलवू शकते, संतूर फक्त त्याच्याभोवती थेंब टाकू शकतं. रेकॉर्ड ऐकताना एकाचा स्वर कुठं संपला आणि दुसऱ्याचा कुठं सुरू झाला हे कधीकधी कळत नाही, त्याचं गुपित या तीन प्रकारच्या विरण्यात आहे.

आणि हे सगळं माइकच्या कृपेनं. संतुराच्या स्वराची शेपटी एवढी नाजूक, की मोठ्या सभागृहात ती चौथ्या रांगेपर्यंतही धड पोचत नाही. माइक तिच्या जवळ नेऊन ठेवला, तेव्हा ती बासरीच्या बरोबरीची झाली. वाद्यं विजेची नसली तरी त्यांचा हा मेळ विजेशिवाय जमला नसता.

या साऱ्याच्या खाली असतो तंबोरा. गोल फिरणाऱ्या टेपचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी हे काम आपल्याकडे तो करत आलाय : चार तारा, त्याच क्रमानं, अखंड. तरी ऐकणाऱ्याला कंटाळा का येत नाही? कारण जवारी. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून किंचित फुगीर करतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतो. छेडलेली तार त्या उतारावर अलगद टेकत-उठत राहते आणि एका स्वरातून वरचे बारीक स्वर एकामागून एक उलगडत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं. पुस्तकातल्या नियमाप्रमाणं, तार ज्या बिंदूवर छेडाल तिथं स्थिर असणारे उपस्वर त्या आवाजात नसायला हवेत. तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येत होते. नियम मोडणारी करामत त्या फुगीर घोडीत होती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सुतारकामाइतकंच या कानाच्या कामालाही आहे. आज गायकांच्या पिशवीत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो, फोनवर तर फुकट मिळतो. सोय मोठी. पण जिवंत जवारीत प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून रेसभर वेगळी असते. इनोनं फितींची लांबी मुद्दाम विषम ठेवून जे साधलं, ते इथं सुताच्या धाग्यानं साधलंय.

आता हे ऐकायचं कुठं? माझं मत विंझरला. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, राजगड आणि तोरण्याच्या मुलखात. पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, १४०३ मीटरचा तोरणा, इथून लांब नाही. भाताची खाचरं, ओढे, आणि चारी बाजूंना डोंगर. खोऱ्याचं संगीत खोऱ्यातच ऐकावं असा भाबडा हट्ट नाही. कारण भौतिकशास्त्राचं आहे.

थंडीतल्या निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशात सोडून देते. तिला चिकटलेली हवा गार होते, जड होते आणि डोंगरउतारांवरून घरंगळत खोऱ्याच्या तळाशी साचते. पहाटे तळाला गार हवा आणि तिच्यावर तुलनेनं उबदार हवेचा थर, अशी उलटी रचना झालेली असते. धुक्याची चादर बरेचदा त्या साचलेल्या हवेतच असते. आवाजाचा वेग १५ अंश तापमानाला सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, आणि दर अंशाला साधारण ०.६ मीटरनं वाढणारा. म्हणजे वर जाणारा आवाज उबदार थरात शिरला की त्याचा वरचा भाग पुढे पळतो, खालचा मागे रेंगाळतो, आणि सगळी लाट वळून पुन्हा जमिनीकडे येते. दुपारी याच्या उलट होतं : तापलेल्या जमिनीजवळ हवा गरम, वर गार, त्यामुळं आवाज वर उचलला जाऊन निघून जातो.

म्हणून अशा खोऱ्यात पहाटे लांबची एसटी घाटीत गिअर बदलते तेही ऐकू येतं. दुधाच्या कॅनची कडी, पलीकडच्या वाडीतलं कुत्रं, देवळातला स्पीकर, सगळं पायाशी आल्यासारखं. ऊन वर आलं, जमीन तापली की तासा-दोन तासांत हे छत मोडतं आणि एकेक लांबचा आवाज गळून पडतो. अहीर भैरवाची वेळ आणि आवाज दूरवर जाण्याची वेळ जवळजवळ एकच आहे! प्राचीन गवयांना हवेचे थर ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. पण लांब, सुट्या, सावकाश विरणाऱ्या स्वरांचे राग या वेळेला जमून आले, ते अशा पहाटे ऐकणाऱ्या कानांनीच जमवले असणार, एवढं म्हणायला हरकत नसावी.

इथं आवाज बारीक ठेवायचा. इतका, की बाहेरचं आत येऊ शकेल. पावसाळ्यात तर ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर असतो. माणसानं कामाच्या नादात सूर हरवत, पुन्हा धरत शीळ घालावी तशी त्याची शीळ. उजाडण्याआधीच सुरू होते. रेकॉर्डवरची बासरी आणि खिडकीबाहेरचा कस्तूर यांच्यात क्षणभर गफलत झाली, तर समजावं की आवाज बरोबर लागलाय. पत्र्यावर पाऊस असेल तर संतुराचे अर्धे थेंब त्यातच जातील. जाऊ द्यावेत. इनोनं आजारपणात जे ऐकलं ते असंच काहीसं होतं.

एक इशारा मात्र द्यायला हवा, आणि इनोची रेकॉर्ड व जोशींची रेकॉर्ड यांतला खरा फरकही त्यातच आहे. 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' कुठूनही लावा, कधीही बंद करा, त्याला फरक पडत नाही. विमानतळावर वेळ थांबलेलीच असते. 'कॉल ऑफ द व्हॅली' थांबत नाही. नट भैरव संपला की पुढचा तुकडा पिलूचा आहे, आणि तबकडी उलटली की भूप, मग देस, मग पहाडी. भूपात तर मध्यमच नाही. भातखंड्यांनी सकाळ-संध्याकाळ ज्याच्यावरून ओळखायला सांगितलं तो स्वर काढून घेतलेला, आणि राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. चाळीसेक मिनिटांत जोशींनी दिवस संपवला आहे. सकाळी सातला चहा टाकून रेकॉर्ड लावली, तर न्याहारी होईपर्यंत घरात रात्र पडते.

यावर उपाय सोपा. सकाळी फक्त पहिला तुकडा ऐकायचा आणि थांबवायचं. पिलू दुपारसाठी ठेवायचा. दुसरी बाजू दिवेलागणीनंतर लावायची. फोनवर सलग वाजत राहणाऱ्या गाण्यांच्या जमान्यात एक चाळीस मिनिटांची रेकॉर्ड दिवसभर पुरवून ऐकायची, हे विचित्र वाटेल खरं. पण ज्या रेकॉर्डमध्ये तीन स्वर सरकले की दिवस उजाडतो, तिला बाकीचे तास दिले नाहीत तर नुकसान आपलंच.